डाळिंबाची साल, अम्मीच्या हिरड्या आणि माझी स्क्रिप्ट

(युवक शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता ‘आयटीतल्या संधी’. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी मीच उलटा फोन करून सांगितलं की मी डाळिंबाच्या सालीवर बोलेन. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चालेल, पण शेवटी संधींबद्दल दोन शब्द बोला. बघू, वेळ उरला तर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, दंतवैद्यही नाही. इंजिनियरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण घर सोलापूरचं, बागवानाचं. तुमच्यातले निम्मे तरी बागवान असतील, त्यामुळे फळाच्या धंद्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! अब्बांचं ज्यूस सेंटर आहे. लहानपणी शाळेतून आलो की माझं काम एकच, ज्यूसच्या मशीनखालची सालीची बादली भरली की मागे नेऊन ओतायची. हंगामात दिवसाला अशा कितीतरी बादल्या. डाळिंबाचं जवळपास निम्मं वजन सालीचं असतं. म्हणजे गिऱ्हाईक एक किलोचे पैसे देतं तेव्हा अर्धा किलो आम्ही फेकतो. शेळीवाला थोडी न्यायचा, बाकी नगरपालिकेच्या गाडीत. हातावर जे पिवळे-काळे डाग पडायचे ते आठवडाभर निघायचे नाहीत. वर्गात पोरं विचारायची, काय रे, विड्या ओढतोस का?

ते डाग कशाचे, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. टॅनिनचे. याच टॅनिनमुळे डाळिंबाची साल पूर्वीपासून कापड रंगवायला आणि कातडं कमवायला वापरतात. रंगारी तिला नसपाल म्हणतात. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. कातड्यातल्या प्रथिनांना धरलं की कातडं टिकतं, जिभेवरच्या प्रथिनांना धरलं की तोंड तुरट होतं, आणि जंतूंच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना धरलं की जंतूची पंचाईत होते. डाळिंबाच्या सालीतल्या मुख्य टॅनिनचं नाव प्युनिकॅलाजिन.

हे मला शिकवलं माझ्या मामेबहिणीने. ती मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करत होती आणि तिने प्रोजेक्टला विषय घेतला होता, फळांच्या टाकाऊ भागांचा अर्क हिरड्यांच्या जंतूंवर चालतो का? तिला साल हवी होती, ती अब्बांकडे फुकट होती. आणि तिला प्लेटांचे फोटो मोजायला कुणीतरी हवं होतं, तो मी.

आता हा आजार काय आहे ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं दात किडणं आणि हिरड्यांचा आजार एकच. तसं नाही. कीड दाताला लागते. हिरड्यांचा आजार दात ज्यात उभा आहे त्या जमिनीला होतो. दात अगदी पांढरा, धडधाकट, आणि एक दिवस तो हातात येतो.

सुरुवात साध्या चिकट थराने होते, प्लाकने. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या संशोधकाने १२ निरोगी माणसांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात बऱ्या झाल्या. या प्रयोगातली गंमत ही की या टप्प्यावर आजार परत फिरवता येतो. ब्रश करताना रक्त येतं तो हाच टप्पा. आपल्याकडे लोक काय करतात? रक्त येतं म्हणून घासायचंच बंद करतात.

थर तसाच राहिला तर तो कडक होतो, त्याला आपण दगड किंवा टार्टर म्हणतो. मग हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खिसा तयार होतो. निरोगी माणसात ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. आजारात ५, ६, ७ मिलिमीटर. या खोल फटीत ऑक्सिजन जवळपास पोचत नाही, आणि ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही असे जंतू तिथे संसार थाटतात. १९९८ मध्ये बॉस्टनच्या सॉक्रान्स्की यांनी यातल्या तीन जंतूंच्या टोळीला ‘लाल गट’ असं नाव दिलं. त्यातला सगळ्यात बदनाम म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. हा प्रथिनं तोडणारी विकरं सोडतो, हिरडीचं ऊतक खातो, रक्तातलं लोह घेतो. रक्त घातलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती काळ्या दिसतात. शरीर त्याच्याशी लढताना दाताखालचं हाडही झिजत जातं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १०० कोटींहून जास्त लोकांना याचा तीव्र प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला माझ्या धंद्यामुळे लगेच पटली. हे जंतू सुटे नसतात. थरात एकमेकांना चिकटून, स्वतः बनवलेल्या चिकट पदार्थात गुंडाळून राहतात. सुट्या जंतूला मारणारं औषध या थरातल्या जंतूला शेकडो पट जास्त लागू शकतं. आमच्याकडे टेस्ट सर्व्हरवर चालणारा कोड खऱ्या सर्व्हरवर झोपतो, तसंच हे.

तर बहिणीचं काम असं: साल सावलीत वाळवायची, मिक्सरला दळायची, चाळायची, ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, गाळायची, अल्कोहोल उडवून टाकायचं. खाली राहतो गडद तपकिरी चिकट अर्क. मग बशीत रक्तयुक्त माध्यमावर जंतूंची चादर पसरायची, त्यात अर्क लावलेली ६ मिलिमीटरची छोटी चकती ठेवायची. अर्काने जंतू वाढू दिले नाहीत तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मोजायचा. ऐकायला सोपं आहे. पण हा जंतू ऑक्सिजनशिवायच वाढतो आणि सावकाश वाढतो, आठवडा जातो. तिच्या कॉलेजात ती सोय नव्हती. एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हातापाया पडून तिने जागा मिळवली. पुष्कळ लोक इथेच सोपा रस्ता धरतात. तोंडाबाहेरचा, सहज वाढणारा जंतू घेतात आणि शीर्षकात मात्र हिरड्या लिहितात. तिने तसं केलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

चूक मी केली.

ती पट्टीने वर्तुळं मोजत होती. मी म्हटलं, हे काय अठराव्या शतकासारखं! फोटो पाठव. पायथनमध्ये दोन रात्रीत स्क्रिप्ट लिहिली. रंग जिथे बदलतो तिथे कड धरायची, वर्तुळ बसवायचं, व्यास द्यायचा. आकडे आले आणि आम्ही दोघं उडालोच. आमच्या सालीचं वर्तुळ क्लोरहेक्सिडीनच्या वर्तुळाच्या जवळ जात होतं. क्लोरहेक्सिडीन म्हणजे दंतवैद्य चुळा भरायला देतात ते. १९७० पासून प्लाक रोखण्यात त्याचाच दबदबा आहे. पण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते, म्हणून ते फार दिवस वापरत नाहीत. त्याच्या तोडीचं काहीतरी अब्बांच्या बादलीत आहे! मी ऑफिसात सांगितलं, मित्रांना सांगितलं. आणि घरी अम्मीला सांगितलं.

अम्मी लहानपणापासून मिश्री लावते. तिला तिच्या आईने लावली, दादीही लावायची. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, बोटाने हिरड्यांवर घासायचा. तुमच्या घरात कुणी असेल तर हात वर करू नका, पण मनात आठवा. अम्मीच्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा, खालचे दोन दात हलायचे. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, “वो मशीन लगाके दाताँ हलाते.” मी जास्त ताणलं नाही. मी तिला साल उकळून दिली. म्हटलं, लॅबमध्ये सिद्ध झालंय, रोज दोनदा चुळा भर.

महिनाभरात रक्त थांबलं. अम्मी खूश, मी तिच्याहून खूश. खालाने रेसिपी नेली, शेजारी नेली. माझ्या एका चुलतभावाने तर पावडरीच्या पुड्या बांधून नाव ठरवलं, लेबलही करून आणलं. ‘पायरिया मुळापासून नष्ट’.

इकडे बहिणीच्या गाईड मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला: जंतू न टाकलेल्या बशीत चकती ठेवून फोटो काढलाय का? काढला नव्हता. काढला. माझ्या स्क्रिप्टने त्या बशीतही छान मोठं वर्तुळ मोजून दिलं. जिथे मारायला जंतूच नाहीत, तिथे!

अर्काचा तपकिरी रंग माध्यमात पसरत होता आणि टॅनिन माध्यमातल्या प्रथिनांना धरून एक गढूळ कडं तयार करत होतं. माझी स्क्रिप्ट त्या डागाची कड मोजत होती. म्हणजे लहानपणी माझ्या हातावर पडायचा तोच डाग. पोरं त्याला विडीचा डाग समजायची, मी त्याला जंतूंचा मृत्यू समजलो. बहिणीने सगळ्या बश्या पुन्हा पट्टीने मोजल्या. वर्तुळं होती, पण बरीच लहान. त्यातही ६ मिलिमीटर चकतीचेच असतात हे विसरून चालत नाही. वर्तुळ ८ असेल तर कडेने खरं यश १ मिलिमीटर.

मग आणखी प्रश्न निघाले. एक तर विरघळवायला जे द्रव वापरलं तेच जंतू मारत असेल तर? म्हणून नुसत्या द्रवाची वेगळी चकती हवी. दुसरा प्रश्न अब्बांनी काढला, आणि तो कुठल्या पुस्तकात मला सापडला नसता. डाळिंबावर तेल्या पडतो. सोलापुरात, सांगोल्यात कुणालाही विचारा, तेल्याने किती बागा उपटायला लावल्या. तेल्या हा जंतूंमुळेच होणारा रोग आहे. म्हणजे जी साल जंतूंना मारते असं आपण म्हणतो, तिच्यावरच एक जंतू मजेत वाढतो. आणि त्याच्यासाठी शेतकरी ताम्रयुक्त औषधं, वेळप्रसंगी प्रतिजैविकंसुद्धा फवारत आले आहेत. अब्बा म्हणाले, “सालीपर क्या क्या मारे रहते, वो तुम्हारे काँच में नै दिखता क्या?” बरोबर होतं. बाजारातली साल दळून जंतू मेले, तर ते डाळिंबाने मारले की फवाऱ्याने? बहिणीने मग फवारणी न केलेल्या झाडाची फळं शोधली, धुऊन घेतली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. सहा महिने वाढले. मॅडमनी तिला तेवढे दिले, हे नशीब.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळंच फोल आहे. प्युनिकॅलाजिनचा रेणू मोठा असतो. तो घट्ट माध्यमातून सावकाश सरकतो. म्हणजे वर्तुळ लहान आलं म्हणून अर्क दुबळा असंही नाही. म्हणून द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत कुठपर्यंत वाढ थांबते ते पाहतात, आणि मग जंतूंचा थर वाढवून तो किती बसला हे जांभळ्या रंगाने मोजतात. या कसोट्यांत तिचा अर्क टिकला. क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास नाही, पण टिकला.

माणसांवरही काम झालंय. ब्राझीलमध्ये २००६ मध्ये दातांना तारा लावलेल्या ६० जणांचे गट केले; काहींनी डाळिंबाच्या अर्काने, काहींनी क्लोरहेक्सिडीनने, काहींनी पाण्याने एक मिनिट चूळ भरली. अर्काने प्लाकमधले जंतू क्लोरहेक्सिडीनइतकेच घटले, पाण्याने फारसे नाही. ही खरी आणि चांगली बातमी आहे. फक्त नीट वाचा: एक मिनिटाची चूळ, वरचा थर, निरोगी माणसं. खोल खिशाबद्दल त्यात काही नाही. थायलंडमधल्या डॉक्टरांनी वेगळं केलं. त्यांनी आधी दात-मुळं साफ केली आणि मग डाळिंब आणि मंडूकपर्णी म्हणजे ब्राह्मीसारख्या एका वनस्पतीचा अर्क असलेली विरघळणारी छोटी पट्टी थेट खिशात ठेवली. नुसती साफसफाई केलेल्या जागांपेक्षा तिथे जास्त सुधारणा दिसली. अर्क तिथे ठेवला जिथे जंतू राहतो. आणि साफसफाई वगळली नाही.

आणखी एक दिशा मला फार आवडते. कॅनडात क्यूबेकच्या लावाल विद्यापीठात क्रॅनबेरीच्या घटकांवर काम झालं. त्यात जंतू मेला की नाही यापेक्षा त्याची प्रथिनं तोडणारी विकरं बंद पडतात का आणि तो चिकटू शकतो का, हे पाहिलं. म्हणजे चोराला न मारता त्याची पक्कड काढून घ्यायची. क्रॅनबेरी आपल्याकडे नाही. पण द्राक्षांच्या बियांत त्याच कुळातले घटक आहेत, आणि नाशिक-सांगलीत द्राक्षांचा चोथा काही कमी नाही. नागपुरात संत्र्याची साल, रत्नागिरीत आमरसाच्या कारखान्यांबाहेर आंब्याच्या कोयी. तुमच्यात कुणी बीएस्सी, बी-फार्म करत असेल तर प्रोजेक्टचा विषय शोधायला इंटरनेटवर जाऊ नका, मार्केट यार्डात सकाळी सहाला जा.

प्रश्न येणारच म्हणून मिस्वाकबद्दलही बोलून टाकतो. २०११ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी मिस्वाकमधला जंतू मारणारा घटक ओळखला. तो उडून जाणारा आहे, मोहरीच्या झणक्याच्या कुळातला, म्हणून ताज्या काडीत तो जास्त. हिरड्यांच्या आजारातल्या जंतूंवर तो चालतो. वर काडीने घासलं जातं ते वेगळंच. आनंदाची गोष्ट आहे. पण ६ मिलिमीटर खोल खिशात मिस्वाकही जात नाही, ब्रशही नाही, सालीचं पाणीही नाही.

आता अम्मीकडे येतो. मी टाळत होतो.

तिचं रक्त थांबलं होतं ना, ते का थांबलं? तुरट पदार्थाने वरची हिरडी आकसते. शिवाय तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून तंबाखूवाल्यांत आजार असूनही रक्त कमी दिसतं. वरून सगळं शांत, आत खिसा खोल होत चाललेला. चुळा सुरू केल्यापासून आठ महिन्यांनी एका रात्री तिचा गाल सुजला. दंतवैद्य बाईंनी बारीक खुणांची सळई हिरडीत घातली आणि आकडे बोलत गेल्या, सहाय्यक लिहीत गेली. पाच, सहा, सात, सहा, आठ. मी आकड्यांचा माणूस. त्या खोलीत मला एकेक आकडा ऐकू येत होता. मग त्यांनी साखर तपासायला सांगितली. अम्मीला मधुमेह निघाला, आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर चढते, दोन्हीकडून. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतं असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजवर का आणलं नाही? अम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, “ये दवा दिया था.” तक्रार म्हणून नाही. कौतुकाने म्हणाली.

चार दात काढावे लागले. आठ महिन्यांपूर्वी आलो असतो तर किती वाचले असते, ते मी विचारलं नाही.

“मशीन लावून दात हलतात” याचं उत्तर त्या बाईंनी अम्मीला दिलं ते तुम्ही घरी जाऊन सांगा. दात आधीच हलत असतो. दगडाने त्याला शेजारच्या दाताशी बांधून ठेवलेलं असतं. दगड काढला की तो हलतो हे कळतं, इतकंच. आणि दगड होता तोवर हिरडी बरी होणार नव्हती. अम्मीला हे पटलं, कारण तिने स्वतःच उदाहरण दिलं: ओल्या भिंतीवर चुना मारला तर ओल दिसत नाही, जात नाही.

चुलतभावाशी भांडण झालं. तो म्हणाला, बाकीचे काय काय विकतात, तुला माझीच पुडी दिसली? मी म्हटलं, आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर परवाना लागतो, मधुमेह बरा होतो असं तर छापताच येत नाही, १९५४ पासून कायदा आहे. खरं तर कायद्याचं मला तितकं वाटत नव्हतं. मला ती पुडी घेऊन घरी बसलेली कुणाची तरी अम्मी दिसत होती. तो चार महिने बोलला नाही. आता तो वाळवलेली साल कापड रंगवणाऱ्यांना विकतो. पैसे कमी मिळतात, पण तिथे टॅनिन जे करतं तेच लेबलवर लिहिता येतं.

बहिणीने प्रोजेक्ट पूर्ण केला. माझ्या स्क्रिप्टने मोजलेले आकडे तिने खोडून टाकले नाहीत. चुकीचे म्हणून वेगळ्या तक्त्यात दिले, कारणासह. मी म्हटलं, काढून टाक, माझं नाव आहे त्यात. म्हणाली, भाईजान, म्हणूनच ठेवलंय. आता ती पीएचडीला बसली आहे आणि सालीचा अर्क खिशात ठेवता येईल अशा जेलमध्ये टिकतो का, हे पाहते आहे. फोटो अजून मलाच पाठवते. रिकाम्या बशीचा फोटो सगळ्यात आधी, मग बाकीचे.

अम्मीने मिश्री सोडली. दोनदा पुन्हा धरली, पुन्हा सोडली. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढची येत्या मंगळवारी, मी सुट्टी टाकली आहे. खालाला आणि त्या शेजारणीला मी स्वतः घेऊन गेलो. खालाचे खिसे चारच्या आत होते, शेजारणीचे नव्हते.

आयोजक घड्याळ दाखवतायत. आयटीतल्या संधी राहिल्याच. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसा.